सत्तेचाळीस वेळा पुलावर

३ मार्च, मंगळवार

ताईचा फोन आला आणि सगळी दुपार नासली. मी वीस किलोच्या वजनाला रंग देत होतो. दोन्ही हात काळे, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरलेला, आणि हिची सुरुवातच अशी : "धाकट्या, येणार आहेस की नाही, सरळ सांग."

अगं कुठे, कशाला, काही सांगशील का नाही? तर म्हणे गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, १८ मे. दोनदा पुढे ढकललं, आता डॉक्टर ऐकत नाही. हाडावर हाड घासतंय. चार आठवडे ती घरी नसणार. दिवसाची बाई सहाला जाते, झोपायला शेजारीण येते ती आठला. मधले दोन तास आईजवळ कोणीतरी हवं. तिला भरवायचं, कपडे बदलायचे, आडवं करायचं. "संध्याकाळी ती परक्याच्या हातचं खात नाही. दिवसाच्या बाईला दोनदा चावली. घरचं माणूस पाहिजे आणि घरचं माणूस आता तूच."

मी म्हटलं, अगं, मी सहाच्या आत पोचणार कसा? मी इकडच्या देशात, तू तिकडच्या. मध्ये नदी, नदीवर पूल आणि पुलावर ती रांग. पाचला दुकान बंद करून निघालो तर तुझ्या दारात आठ वाजतील.

"तू कार्ड काढ, नाहीतर पोहत ये. पण ये. नाहीतर मी त्या म्हाताऱ्यांच्या संस्थेत आईचं नाव घालते."

संस्थेत! जिवंत मुलगा असताना आईला संस्थेत! असला राग आला की वजनावर रंगाचा डबाच लवंडला. दर रविवारी रांगेत तिष्ठणारा मी, आणि मला विचारतात येणार आहेस का.

५ मार्च, गुरुवार

कार्ड म्हणजे ते 'विश्वासू प्रवासी' कार्ड. ते असलं की पुलावर हिरवी लेन मिळते, दहा मिनिटांत पार. शेजारच्या चावीवाल्याने गेल्या वर्षी काढलं. तेव्हापासून ते गळ्यात अडकवून फिरतो, एखाद्या मंत्र्यासारखा. मला म्हणाला, "सोपं आहे हो. फक्त फॉर्मवर खरं लिहायचं. त्यांच्या कॉम्प्युटरला सगळं माहीत असतं."

मी म्हटलं, मला शिकवू नकोस. सव्वीस वर्षं लोकांचे वजनकाटे दुरुस्त करतोय. पाच ग्रॅमचा फरक सोडला नाही कधी. खरं-खोटं मला तू सांगणार?

संध्याकाळी बायको शिवणयंत्रावरून उठून फॉर्म भरायला बसली, कारण माझी बोटं त्या फोनवर एकावर एक पडतात. नाव, जन्म, धंदा, गाडीचा नंबर. मग प्रश्न आला : गेल्या बारा महिन्यांत किती वेळा सीमा ओलांडली, आणि कशासाठी?

"बावन्न लिही," मी म्हटलं. "दर रविवार. आईला भेटायला."

तिने माझ्याकडे पाहिलं. "बावन्न?"

"मग? निघतो की नाही दर रविवारी?"

"निघता," ती म्हणाली.

"मग झालं तर!"

तिने बावन्न लिहिलं. तिचं हे असं एकेक शब्द टाकून गप्प बसणं माझ्या डोक्यात जातं. काय म्हणायचंय ते म्हणावं माणसाने.

८ मार्च, रविवार

पूल. साडेआठला पोचलो. पुढे निदान शंभर गाड्या. टपरीवर चहा घेतला, परत येऊन बसलो. इंजिन बंद, इंजिन चालू, इंजिन बंद. शेवटचं वळण येतं तिथे एक पाटी आहे, इथून पुढे मागे फिरता येणार नाही. त्या पाटीपाशी आलो तर पुढचा गाडीवाला भराभर सरकायला लागला. मागचा गाढव भोंगा वाजवतोय. अरे वाजव, तुझ्या बापाचा पूल आहे! डोक्यात एवढी तिडीक गेली की गाडी वळवली आणि घरी आलो.

ताईला फोन केला, रांग फार होती म्हटलं. ती म्हणाली, "बरं." आईला देऊ का फोन, विचारलं. मी म्हटलं राहू दे, झोपली असेल. सकाळचे साडेदहा वाजले होते.

१९ मार्च, गुरुवार

मुलाखतीचं पत्र आलं. ९ एप्रिल, सकाळी अकरा, गाडीसह हजर राहणे. तारीख देतात तीही तीन आठवड्यांनंतरची. मी गिऱ्हाइकाचा काटा तीन आठवडे ठेवला असता तर दुकानाला कुलूप लागलं असतं.

२२ मार्च, रविवार

पूल. रांग. परत.

९ एप्रिल, गुरुवार

आजचं सगळं लिहिणार.

आधी गाडीची तपासणी. डिकी उघडली तर वजनं. दोन वीसची, चार दहाची, पेटीत लहान पितळी. तपासणीवाला दोन पावलं मागे सरकला.

"हे काय?"

"वजनं."

"कशाची?"

"कशाची म्हणजे? वजनंच आहेत. दुसऱ्या गोष्टींचं वजन करायला."

त्याने एक उचलून पाहिलं आणि कमरेत उसण भरल्यासारखा वाकला. मला जरा बरं वाटलं. तेवढंच बरं वाटलं आज.

मग आत. टेबलामागे एक चष्मेवाली बाई. आवाज चढवत नाही, हसत नाही. अशा माणसांशी भांडता येत नाही, हाच त्यांचा दुष्टपणा. नाव विचारलं, धंदा विचारला, मग म्हणाली, "तुम्ही लिहिलंय, बावन्न वेळा ओलांडली."

"हो. आईला भेटायला. दर रविवारी."

तिने पडद्याकडे पाहिलं. "आमच्याकडे तेरा आहेत."

मी हसलोच. म्हटलं, बाई, तुमचं यंत्र बिघडलंय. असं होतं. काटा आधी शून्यावर आहे का बघायचा, मग मालाला नावं ठेवायची. रोज बघतो मी.

ती म्हणाली, "तेरा. मार्चपासून आठ जूनपर्यंत बारा, मग ऑक्टोबरमध्ये एक. एवढंच."

"एवढंच काय! गेलोय मी! पावसात गेलोय, उन्हात गेलोय! तुमचं यंत्र खोटं बोलतंय आणि खोटारडा मी?"

सगळ्या हॉलमधली माणसं बघायला लागली. एक म्हातारा तर वर्तमानपत्र घडी करून नीट वळून बसला, नाटक बघायला बसल्यासारखा. ती म्हणाली, "मी तुम्हाला खोटारडं म्हटलेलं नाही. आकडे जुळत नाहीत, एवढंच म्हटलं." आणि एक शिक्का मारला.

तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात कोणी मला माझं माप चुकलं म्हणून सांगितलं नव्हतं.

१० एप्रिल, शुक्रवार

चावीवाला विचारायला आला, काय झालं? मी म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. तो म्हणाला, "पण तेरा आणि बावन्नमध्ये बराच फरक आहे हो." मी म्हटलं, तुझ्या त्या गळ्यातल्या पट्ट्याने तुलाच टांगीन. तो गेला. मग दुपारभर वाईट वाटलं, पण त्याला सांगितलं नाही.

१६ एप्रिल, गुरुवार

नामंजूर. 'अर्जदाराने दिलेल्या माहितीत गंभीर तफावत.' अपिलाला एकवीस दिवस.

गंभीर! जणू मी बंदुका नेत होतो.

ताईला सांगितलं. ओरडेल म्हणून मी आधीच आवाज चढवून ठेवला होता. ती ओरडली नाही. म्हणाली, "मग मी उद्या त्या संस्थेत जाऊन येते. एक खाट रिकामी आहे म्हणतात."

"थांब! मी अपील करतोय ना!"

"धाकट्या, तुझं अपील होईल तेव्हा होईल. मला रोज हा पाय उचलून जिना चढायचा असतो. आईला मी एकटी उठवते, एकटी बसवते. तू फोनवर रांगेची लांबी सांगतोस."

"मग रांग काय मी लावली?"

"नाचता येईना अंगण वाकडं," असं म्हणून तिने फोन ठेवला. मोठी बहीण म्हणून काय वाट्टेल ते बोलायचं! मी परत फोन लावला, तिने उचलला नाही. मग बायकोने लावला, तर उचलला. दोघी पाऊण तास बोलल्या. बायको फक्त "हो ताई" आणि "माहीत आहे मला" एवढंच म्हणत होती. काय माहीत आहे हिला?

१९ एप्रिल, रविवार

आज पुलावर गेलो नाही. पुरावा काढायला बसलो. मी चौदा वर्षं डायरी लिहितोय, एक दिवसाची थाप नाही तिच्यात. गेल्या वर्षीची आणि यंदाची काढली. म्हटलं, तुमचं यंत्र एकीकडे आणि माझं अक्षर एकीकडे. मोजायचंच असेल तर मोजू.

बायको कागद-पेन्सिल घेऊन बसली. मी वाचायचं, तिने रेघ मारायची. तीन रकाने केले : पलीकडे गेलो, पुलावरून परत आलो, निघालोच नाही.

मार्च ते जून जवळजवळ सगळे रविवार पहिल्या रकान्यात. एकदा रांग, एकदा ताप. मग आठ जून आला. मी मोठ्याने वाचत होतो म्हणून वाचला.

"'पूल दीड तास. आईकडे अकराला. दारात उभा राहिलो तर म्हणाली, या, बसा. पाणी घ्या. तुम्ही कोणाकडे आलात? ताईने सांगितलं, अगं हा धाकटा. आई म्हणाली, नाही हो, माझा धाकटा बारीक आहे. मग दिवसभर मला तुम्ही म्हणत होती. निघताना पायाशी वाकलो तर पाय मागे घेतले.'"

बायकोची पेन्सिल थांबली. मी म्हटलं, मार रेघ, गेलो होतो त्या दिवशी. तिने मारली.

पुढे वाचत गेलो. पंधरा जून, 'पूल. रांग. परत.' बावीस जून, 'पूल. रांग. परत.' एकोणतीस, तेच. जुलै, तेच. ऑक्टोबरमध्ये आईला ताप आला तेव्हा एकदा गेलो, ती झोपेत होती, अर्धा तास बसून आलो. मग पुन्हा तेच. वाचून वाचून घसा बसला.

बेरीज : पलीकडे तेरा. पुलावरून परत चौतीस. निघालोच नाही पाच.

म्हणजे बघा! तेरा आणि चौतीस, सत्तेचाळीस वेळा मी पुलावर होतो. बावन्नच्या जागी सत्तेचाळीस! पाचाचा फरक, आणि त्यासाठी एवढा गाजावाजा. आमच्या गावात कोणालाही विचारा. पुलावर गेला म्हणजे गेला. रांगेत तीन तास घालवलेल्या माणसाला कोणी 'तू गेलाच नाहीस' म्हणत नाही. त्यांचं यंत्र खिडकीपाशी मोजतं. खिडकीपर्यंत न पोचलेला माणूस त्यांच्या हिशेबी घरीच बसलाय.

बायकोला म्हटलं, बघितलंस? ती म्हणाली, "बघितलं." मग म्हणाली, "हेच पाठवा. जसंच्या तसं. पानांच्या प्रती काढून."

"आठ जूनचंही?"

"तेच आधी पाठवा," ती म्हणाली आणि शिवणयंत्रावर जाऊन बसली. चालवलं मात्र नाही, नुसती बसली.

२० एप्रिल, सोमवार

बावन्न पानांच्या प्रती काढल्या. वर अर्ज : 'मी खोटं बोललेलो नाही. आपण खिडकीपाशी मोजता, मी घरापासून मोजतो.' आठ जूनचं पान आधी बाजूला काढलं. मग एकावन्न पानं बघून ती बाई म्हणेल, इथेही एक कमी. म्हणून घातलं.

६ मे, बुधवार

उद्या अकराला बोलावलंय. ताईने संस्थेतली खाट अठरापर्यंत धरून ठेवलीय. मला हे तिने सांगितलं नाही, बायकोला सांगितलं. आजकाल माझ्या घरातल्या बातम्या मला शिवणयंत्राकडून कळतात.

७ मे, गुरुवार

तीच चष्मेवाली. माझी पानं तिच्यासमोर, नीट तारखेनुसार लावलेली, पिवळ्या खुणा केलेली. वाचली होती तिने. माझी डायरी एका परक्या बाईने वाचली! पाठवली मीच, तरी कानशिलं तापली.

म्हणाली, "तुमचा आकडा आमच्याशी जुळतो. तेरा. बाकीचे तुम्ही रांगेतून परत गेलात. परत जाणं हा गुन्हा नाही. प्रश्न कळण्यात गोंधळ झाला अशी नोंद करते. कार्ड मंजूर."

मी उठायलाच लागलो होतो. थँक्यू वगैरे म्हणणार नव्हतो, पण मान हलवली असती. तर म्हणाली, "एक विचारू? हे फॉर्ममध्ये नाही. उत्तर नाही दिलंत तरी चालेल."

विचारा म्हटलं.

"आमच्याकडे रोजचा थांबण्याचा वेळही असतो. तुम्ही परत गेलात त्या चौतीस रविवारांपैकी एकोणीस दिवशी रांग अर्ध्या तासाच्या आतली होती. तेवीस नोव्हेंबरला तर बारा मिनिटं. तुम्ही लिहिलंय, 'रांग. परत.'"

मी म्हटलं, तुमची घड्याळं बिघडली असतील.

"असेल."

"मी पाहिलीय ना रांग! डोळ्यांनी पाहिलीय! शंभर-शंभर गाड्या!"

"बरं," ती म्हणाली. अगदी ताईसारखं बरं. मग माझ्या पानांचा गठ्ठा परत दिला. आठ जूनचं पान सगळ्यात वर होतं. म्हणाली, "माझे वडीलही असेच होते शेवटी. मला डॉक्टरीणबाई म्हणायचे."

मी म्हटलं, तुमच्या वडिलांचा इथे काय संबंध! मोठ्याने म्हटलं. दार आपटून आलो. बाहेर गाडीत बसलो तर चावी लागेना. किती वेळ ती चुकीच्या बाजूने घालत होतो कोण जाणे.

तिचा काय संबंध? सरकारी माणसाने सरकारी बोलावं.

१५ मे, शुक्रवार

कार्ड आलं. फोटोत मी एखाद्या दरोडेखोरासारखा दिसतोय. खाली लिहिलंय, विश्वासू प्रवासी. चावीवाल्याने पेढे मागितले. मी म्हटलं, आधी गळ्यातलं काढ, मग देतो. तो हसला, मीही हसलो.

ताईला फोन केला. "आलं कार्ड. खाट सोडून दे."

ती म्हणाली, "धाकट्या, ती तुला ओळखणार नाही. माहीत आहे ना?"

"मला काय सांगतेस! माझी आई आहे ती!"

"म्हणूनच सांगते. रागावू नकोस तिच्यावर."

तिच्यावर कधी रागावलो मी? जगावर रागावलो असेन.

१९ मे, मंगळवार

कालचं लिहितो. दुकानात कोणी नाही, एक तराजू तेवढा उघडा पडलाय.

ताईचं ऑपरेशन सकाळी झालं, नीट झालं. बायकोने विचारलं, मी येऊ का सोबत? तिला कार्ड नाही, ती गाडीत असेल तर हिरवी लेन नाही. राहू दे म्हटलं.

पाचला शटर ओढलं. पाच वाजून पंचवीस मिनिटांनी पुलावर. डाव्या हाताला ती नेहमीची रांग, भोंगे, इंजिनं, काचेतून बाहेर काढलेली कोपरं. मी उजवीकडून. खिडकीवर कार्ड दाखवलं. माणसाने वर पाहिलंसुद्धा नाही. सात मिनिटं. घड्याळात बघितलं म्हणून सांगतो, सात.

ताईच्या घराखाली पावणेसहाला गाडी लावली. आणि उतरलो नाही.

का, ते लिहायचा प्रयत्न सकाळपासून करतोय. आधी म्हटलं सहा वाजायचेत. मग सहा वाजले. दिवसाची बाई खाली आली, पिशवी घेऊन इकडेतिकडे बघायला लागली. मी सीटमध्ये खाली सरकलो. छप्पन्न वर्षांचा घोडा, सीटमध्ये लपलो! ती परत वर गेली. माझ्यासाठी थांबली बिचारी. मला तिचा राग आला, घरी का जात नाही म्हणून. पुलाचा राग यावा म्हणून आरशातून मागे बघितलं, तर मागे नुसता रिकामा रस्ता होता. चिडायला काही सापडेना. स्टिअरिंगवर हात आपटला, तो भोंग्यावर बसला, आणि वरच्या खिडकीतून बाईने पाहिलं.

मग गेलो वर. साडेसहा वाजले होते.

बाईने वाटी-चमचा माझ्या हातात दिला आणि "काही खाल्लं नाही त्यांनी, तोंड मिटून बसल्यात" म्हणून जिना उतरली. आई खिडकीजवळच्या खुर्चीत. केवढीशी झालीय. ताईने केस कापलेत तिचे, मानेपर्यंत. कोणी सांगितलं कापायला? ताईने मला सांगितलंही असेल, मी फोन ठेवला असेन.

मी समोर बसलो. म्हटलं, "आई."

तिने नीट पाहिलं माझ्याकडे. चपलांपासून वर. "या," म्हणाली. "बसलातच का? बरं. तुम्ही ताईच्या ऑफिसातले का?"

मी म्हटलं, नाही. मी काय म्हणायचं ते गाडीत पन्नास वेळा घोकलं होतं. आई, मी धाकटा. हे बघ, हा कपाळावरचा व्रण, तुझ्याच पाट्यावर पडून झालेला. एवढं पाठ करून गेलेलो, आणि नुसता चमचा पुढे केला. तिने ओठ घट्ट मिटून घेतले आणि मान फिरवली.

मला राग आला. आईचा. लिहून टाकतो, आईचाच राग आला. अगं सात मिनिटांत आलोय मी, कार्ड काढून आलोय, चारचौघांत खोटारडा ठरून आलोय, आणि तू तोंड फिरवतेस! वाटी आपटावीशी वाटली. नाही आपटली. पुन्हा चमचा पुढे केला, पुन्हा मान फिरवली. असं चारदा झालं.

मग ती म्हणाली, "आत्ता नको. माझा धाकटा यायचाय."

मी चमचा खाली घेतला.

"रांगेत असेल तो," ती म्हणाली. "फार रांग असते हो त्या पुलावर. तुम्हाला माहीत नसेल. लोक नावं ठेवतात त्याला, येत नाही म्हणून. ताईसुद्धा. पण तो निघतो बिचारा. रांगच सोडत नाही त्याला, तो काय करणार?"

दोन्ही हातांनी वाटी धरली.

मग मी म्हटलं, "आजी, मी तिकडूनच आलो. पाहिला मी त्याला."

तिने एकदम माझ्याकडे तोंड केलं. "कुठे?"

"रांगेत. पुढे आलाय पुष्कळ. चारच गाड्या राहिल्यात."

"बारीकसा आहे?"

"हो. बारीकसा."

"चिडला असेल."

"फार चिडलाय."

"चिडतोच तो," आई म्हणाली आणि हसली. "लहानपणापासून. मग सांगा त्याला, सावकाश ये. मी आहे जागी."

"सांगतो. पण तो म्हणाला, तोवर आईला जेवायला सांगा."

तिने जरा विचार केला. मग तोंड उघडलं. सगळी वाटी संपवली तिने. आठला शेजारीण आली तेव्हा मी आईचे हात पुसत होतो.

आज पाचला दुकान बंद करणार आहे. तराजू उद्या.